कुंपणाआडची शिकार : लिंपोपोतील एका गेम रँचवरचे पाच दिवस

दक्षिण आफ्रिकेच्या लिंपोपो प्रांतातील एका खासगी गेम रँचवर, म्हणजे कुंपण घालून वन्य प्राणी पाळलेल्या जमिनीवर, मी गेल्या हिवाळ्यात पाच दिवस राहिलो. मी शिकारी नाही. कामानिमित्त प्रिटोरियात राहत असताना माझ्या एका अमेरिकी सहकाऱ्यांनी तेथील शिकारीचे पॅकेज घेतले आणि मला सोबत येण्याचा आग्रह केला. बंदूक न घेता येणाऱ्या अशा पाहुण्याला या व्यवसायात निरीक्षक म्हणतात आणि त्याच्याकडून केवळ राहण्या-जेवण्याचा दैनिक दर घेतात. रँचचे नाव मी येथे देत नाही. मला जे खटकले ते त्या एका मालकापुरते नाही, आणि तेथील माणसांनी आमची सरबराई करण्यात कोणतीही कसर ठेवली नव्हती. मात्र जी सेवा तेथे विकली जाते तिचे, म्हणजे कुंपण घातलेल्या रानात पैसे मोजून शिंगांसाठी प्राणी मारण्याच्या सोयीचे, परीक्षण करणे मला आवश्यक वाटते. अशा ठिकाणांविषयी जे अभिप्राय वाचायला मिळतात त्यांत खोल्या, जेवण आणि शिंगांची लांबी यांपलीकडे सहसा काहीच नसते.

खोल्या, जेवण आणि व्यवस्था यांबद्दल मला तक्रार नाही. गवताने शाकारलेल्या खोल्या स्वच्छ होत्या, पहाटेच्या कडाक्याच्या थंडीत निघण्यापूर्वी कॉफी तयार असे, आणि मारलेल्या प्राण्याचे मांस वाया जात नव्हते. त्यातले काही स्वयंपाकघरात येत होते आणि बाकीचे कामगारांना वाटले जात होते किंवा वाळवून ठेवले जात होते.

रँच सुमारे सातशे हेक्टरांची होती आणि तीही सलग नव्हती. आतल्या कुंपणांनी तिचे तुकडे पाडलेले होते, आणि ज्या तुकड्यात आम्ही शिकारीसाठी फिरलो तो तीनशे हेक्टरांच्या आतबाहेर असावा. बाहेरचे कुंपण जवळपास अडीच मीटर उंच, तारांच्या अनेक ओळींचे आणि खालच्या बाजूला विजेचा प्रवाह असलेले होते. या उंचीला कायदेशीर कारण आहे. दक्षिण आफ्रिकेच्या 1991 च्या गेम थेफ्ट कायद्यानुसार ज्या जमीनमालकाच्या जमिनीला पुरेसे कुंपण असल्याचा दाखला मिळालेला असतो, त्याची तेथील वन्य प्राण्यांवरील मालकी, एखादे जनावर कुंपण ओलांडून निसटले तरी, अबाधित राहते. वन्य प्राणी हा त्या देशाच्या मूळच्या रोमन-डच कायद्यात कोणाच्याच मालकीचा नव्हता. कुंपणामुळे तो खरेदी-विक्रीची मालमत्ता झाला. त्याचा लाभ मोठा झाला हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जेथे गुरे चरून जमीन उजाड झाली होती तेथे शेतकऱ्यांनी गुरे काढून कुरंग सोडले, आणि आज त्या देशात अशी सुमारे 9,000 खासगी रँच असल्याचे सांगितले जाते. बोन्टबॉक या कुरंगासाठी 1931 मध्ये राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले तेव्हा तेथे अवघे 17 प्राणी होते. आज ही जात हजारांत मोजली जाते आणि त्यांतील बरेचसे प्राणी खासगी जमिनींवर आहेत. पांढऱ्या गेंड्याच्या मर्यादित शिकारीला 1968 मध्ये परवानगी मिळाल्यामुळे तो पाळणे मालकांना परवडू लागले, आणि आज त्या देशातील निम्म्याहून अधिक पांढरे गेंडे खासगी मालकांकडे आहेत. त्यामुळे कुंपण दिसताच नाक मुरडणाऱ्यांत मी नाही.

दरपत्रकाची रचना मात्र समजून घेण्यासारखी आहे. दैनिक दर वेगळा आणि प्रत्येक जातीच्या प्राण्याची ट्रॉफी फी, म्हणजे तो मारून त्याची शिंगे नेण्याची किंमत, वेगळी. कुरंगांपैकी इम्पाला स्वस्त, विल्डबीस्ट त्याहून महाग, कुडू त्याच्या कित्येक पट, आणि काही प्राण्यांसाठी शिंगाच्या लांबीनुसार चढते दर. गोळी लागून रक्ताचा एक थेंब जरी सांडला तरी तो प्राणी मारला असे धरून पूर्ण फी आकारतात, मग तो सापडो वा न सापडो. हा नियम मला योग्य वाटला, कारण त्यामुळे शिकारी अंदाजपंचे गोळी झाडण्यापूर्वी दोनदा विचार करतो. परदेशी शिकाऱ्यासोबत परवानाधारक व्यावसायिक शिकारी असणे तेथे कायद्याने बंधनकारक आहे. आमच्यासोबतचे गृहस्थ तिशीतले, शांत स्वभावाचे आणि बंदुकीच्या सुरक्षिततेबाबत अतिशय काटेकोर होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या सहकाऱ्यांची गोळी एका इम्पालाच्या पोटात, ठरवल्या जागेच्या बरीच मागे, लागली. अंधार पडेपर्यंत शोध चालला. त्या रात्री जेवणात कोणाचेच लक्ष नव्हते. पहाटे रँचवरचे वयस्कर ट्रॅकर, म्हणजे माग काढणारे, आम्हाला घेऊन निघाले, आणि गवताच्या पात्यावर सुकलेला रक्ताचा ठिपका, मग दोनशे पावलांवर खुराने उलटलेला खडा, मग काहीच नाही असा माग काढत तासाभराने ते एका काटेरी झुडपापाशी थांबले. इम्पाला जिवंत होता आणि उठू शकत नव्हता. व्यावसायिक शिकाऱ्यांनी एका गोळीत त्याची सुटका केली. हा शोध सोडून देणे त्यांना सहज शक्य होते, कारण फी आधीच लागू झालेली होती. तो त्यांनी सोडला नाही, आणि या संपूर्ण सेवेतील ही सर्वांत चांगली गोष्ट म्हणून मी तिची नोंद करतो.

तिसऱ्या दिवशी कुडूची पाळी होती. कुडू हा आफ्रिकेतील मोठ्या कुरंगांपैकी एक. राखाडी अंगावर पांढरे उभे पट्टे, मोठे कान आणि मळसूत्राप्रमाणे पिळ घेत वर गेलेली शिंगे. दाट झुडपांतून आवाज न करता नाहीसा होण्याच्या त्याच्या कसबामुळे शिकारी त्याला राखाडी भूत म्हणतात, आणि खुल्या रानात मोठा नर मिळावा म्हणून लोक आठ-आठ दिवस डोंगरउतार पिंजून काढतात. आम्ही मात्र सकाळी नऊच्या सुमारास एका पाणवठ्याजवळच्या लपणात जाऊन बसलो. लपण विटांचे होते, आत गादीच्या खुर्च्या होत्या आणि बंदूक टेकवण्यासाठी खिडकीला लाकडी फळी होती. थोड्या वेळाने रँचची पिकअप गाडी आली, एका कामगाराने लसूणघासाच्या दोन पेंढ्या खाली टाकल्या आणि गाडी निघून गेली. त्या गाडीचा आवाज पुरता विरलाही नव्हता तोच झुडपांतून प्राणी येऊ लागले. आधी इम्पाला, मग दोन कुडू माद्या आणि त्यांच्यामागून तो नर. गाडीचा आवाज म्हणजे खुराक हे त्यांना पाठ झालेले होते.

माझ्या दुर्बिणीत त्याचे डोके पूर्ण मावत होते. दोन डोळ्यांमधली पांढरी रेघ, ओठाला चिकटलेले घासाचे हिरवे पान, आणि डाव्या कानाच्या मधोमध एक वाटोळे, कडा वाळलेले भोक. गुरांच्या कानात बिल्ला मारल्यावर आणि तो काढून टाकल्यावर जसे भोक राहते, तसेच ते होते. मी व्यावसायिक शिकाऱ्यांना हळू आवाजात विचारले. ते काही क्षण थांबले आणि म्हणाले, "लिलावातून आणलेला आहे. गेल्या महिन्यात सोडला." तेवढ्यात गोळी सुटली. अंतर साठ मीटरही नसेल. नेम अचूक होता; तो नर दहा-बारा पावले धावला आणि कोसळला. त्याला फार यातना झाल्या असे मी म्हणणार नाही. माझ्या सहकाऱ्यांनी ते भोक पाहिले नव्हते आणि आमचे बोलणेही ऐकले नव्हते. त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता, आणि त्या क्षणी ते त्यांना सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. संध्याकाळी मी सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी मला एकच प्रश्न विचारला: "मग मला लिलावातच का नाही नेले?"

गोळीनंतर जे झाले त्याने मला गोळीपेक्षाही अधिक अस्वस्थ केले. छायाचित्रासाठी त्या कुडूचे तोंड पुसण्यात आले, बाहेर आलेली जीभ आत सरकवण्यात आली, पुढचे गवत कापण्यात आले आणि कान अशा रीतीने मागे वळवण्यात आला की ते भोक झाकले जावे. मग व्यावसायिक शिकाऱ्यांनी कॅमेऱ्यातून पाहिले, मान हलवली, आणि दोन माणसांनी ते अडीचशे किलोंच्या घरातले धूड ओढत अर्धे वळवले, कारण मागे कुंपण दिसत होते. ज्या कुंपणामुळे हा व्यवसाय कायदेशीर ठरतो, ज्याच्या जोरावर पाच दिवसांत कुडू मिळण्याची हमी दिली जाते, तेच कुंपण छायाचित्रात दिसू नये अशी काळजी तो व्यवसाय स्वतःच घेतो. कुंपणाआडच्या शिकारीत लाजण्यासारखे काही नसते तर ते कोठे तरी दिसू दिले असते. नंतर मोजपट्टी आली. रोलंड वॉर्ड या नोंदपुस्तकात कुडूच्या शिंगाला 53 7/8 इंचांची किमान अट आहे आणि हे शिंग तिच्या किंचित पुढे गेले. लिलावाच्या सूचीत शिंगांची लांबी छापलेली असते, त्यामुळे ते पुढे जाणार हे मालकाला तो नर विकत घेतानाच ठाऊक असणार.

चौथ्या दिवशी मी शिकारीला गेलो नाही. ट्रॅकरना मी विनंती केली आणि ते मला कुंपणाच्या कडेकडेने चालायला घेऊन गेले. कुंपणापासून हातभर आत एक पायवाट होती, वीतभर खोल, गवत पूर्ण झिजलेली. मला वाटले गस्तीची असेल. ते म्हणाले, "ही माणसांची नाही. नवीन आणलेले जनावर पहिले काही दिवस असेच चालते, बाहेरची वाट शोधत. मग एक दिवस सोडून देते." त्यांनी वाकून मला ठसे दाखवले: कुडूचे, एकमेकांवर पडलेले, काही जाणारे आणि काही परत येणारे, कोपऱ्यापाशी चिखलात रुतलेले. तरुणपणी दुसऱ्या एका मोठ्या रानात ते एका कुडूच्या मागावर तीन दिवस चालले होते आणि तो त्यांना मिळाला नव्हता, हे त्यांनी मला फार अभिमानाने सांगितले. इथे त्यांच्या कसबाचे काम जखमी जनावर शोधण्यापुरतेच उरले होते.

त्याच कुंपणाच्या सर्वांत खालच्या, जमिनीपासून वीतभर उंचीच्या वीजतारेखाली एक मोठे ठिपकेदार कवचाचे कासव मरून पडले होते. धक्का बसला की कासव पळत नाही; ते पाय आणि मान आत ओढून तेथेच बसते आणि तार अंगाला लागलेलीच राहते. खवले मांजरही धोका वाटताच वेटोळे करते, आणि तारेला स्पर्श झाल्यावर वेटोळे करताना तीच तार पोटाशी धरते. दक्षिण आफ्रिकेत खवले मांजरांच्या मृत्यूचे हे एक मोठे कारण मानले जाते. खालची तार उंच लावण्याने किंवा ठरावीक वेळी तिचा प्रवाह बंद ठेवण्याने हे बरेच टळू शकते. मी मालकांना ते कासव दाखवले. त्यांनी मनापासून हळहळ व्यक्त केली आणि त्यांच्या तोंडून तारेबद्दल मात्र काही निघाले नाही.

त्या रात्री शेकोटीजवळ मालक माझ्याशी तासभर बोलले, आणि त्यांचा युक्तिवाद दुबळा नव्हता. तुम्ही मांस खाता, ते म्हणाले, तर ज्या बैलाचे मांस तुमच्या ताटात येते त्याला कुंपण नव्हते का, त्याच्या कानात बिल्ला नव्हता का, आणि त्याला माझ्या कुडूइतके आयुष्य आणि इतका सुखाचा मृत्यू मिळाला का? मी मांस खातो, त्यामुळे हा प्रश्न मला टाळता आला नाही आणि आजही मी तो टाळत नाही. कत्तलखान्यातील बैलापेक्षा त्या कुडूचा शेवट अधिक चांगला होता, हे मला मान्य आहे. परंतु कत्तलखाना कोणालाही सांगत नाही की तुम्ही बैलाचा माग काढलात, त्याच्याशी तुमची चुरस झाली आणि ती तुम्ही जिंकलात. येथे नेमके तेच विकले जात होते. बून अँड क्रॉकेट क्लब ही थिओडोर रूझवेल्ट यांनी 1887 मध्ये स्थापन केलेली शिकाऱ्यांचीच संस्था निसटता न येणाऱ्या कुंपणाआड मारलेला प्राणी आपल्या नोंदीत घेत नाही. तिच्या मते रास्त शिकार म्हणजे मुक्त फिरणाऱ्या वन्य प्राण्याचा असा पाठलाग, ज्यात शिकाऱ्याला गैरवाजवी फायदा मिळत नाही. शिकारविरोधकांच्या नव्हे, शिकाऱ्यांच्याच मोजपट्टीने ही सेवा उतरत नाही.

माझ्या मते प्रश्न कुंपण आहे की नाही हा नाहीच. हजारो हेक्टरांच्या सलग रानातही शेवटी कोठे तरी कुंपण असते, पण तेथे प्राणी जन्मतो, कळपात आपली जागा मिळवतो, बिबट्याला चुकवायला शिकतो, दुष्काळ सोसतो आणि माणसाचा वास आला की निघून जाऊ शकतो. त्याला कुंपण आयुष्यात एकदाही आडवे येत नाही. लिलावातून आणलेल्या त्या नराचे पहिले काही दिवस कुंपणाला समांतर चालण्यातच गेले आणि उरलेले गाडीच्या आवाजाची वाट पाहण्यात. त्या रानात त्याचे स्वतःचे असे आयुष्य सुरूच झाले नव्हते. त्याची गोळीसाठीची तारीख तो तेथे येण्यापूर्वी ठरलेली होती.

आपल्या रँचवर सिंह नाहीत याचा मालकांना अभिमान होता, आणि तो रास्त आहे. पिंजऱ्यात वाढवलेले सिंह छोट्या बंदिस्त जागेत सोडून मारण्याचा धंदा 1997 मध्ये ब्रिटिश टेलिव्हिजनने जगापुढे आणला, तरी तो वाढतच गेला. 2007 च्या नियमांनी असा सिंह शिकारीपूर्वी 24 महिने मोकळ्या रानात स्वतःच्या बळावर जगलेला असावा अशी अट घातली, पैदासदार न्यायालयात गेले, आणि 2010 मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने ती अट त्यांच्या बाबतीत रद्द केली. पुढे नॉर्थ वेस्ट प्रांतात ही मुदत 96 तासांवर आली. अमेरिकेने 2016 मध्ये अशा सिंहांच्या ट्रॉफींची आयात थांबवली, सफारी क्लब इंटरनॅशनल या शिकाऱ्यांच्याच संस्थेने 2018 मध्ये या शिकारीला विरोध जाहीर केला, आणि 2021 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री बार्बरा क्रीसी यांनी तज्ज्ञ समितीच्या अहवालाच्या आधारे हा धंदा संपवण्याचे धोरण मांडले. तरीही सुमारे 8,000 सिंह आजही तेथे बंदिवासात असल्याचे मानले जाते. हे सर्व मी येथे एवढ्याचसाठी सांगतो की सिंहाच्या 96 तासांनी ज्यांना शहारे येतात, त्यांनी कुडूच्या एका महिन्याकडेही पाहावे. कुडू संकटग्रस्त नाही, त्याला आयाळ नाही, त्याच्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही. एवढ्या कारणाने त्याच्याशी केलेला व्यवहार वेगळा ठरत नाही.

रँचच्या एका कोपऱ्यात काळ्या रंगाचे इम्पाला वेगळ्या आवारात ठेवलेले होते. दुर्मिळ रंगाच्या आणि मोठ्या शिंगांच्या जनावरांच्या या हौसेने त्या देशात एकेकाळी कहर केला होता. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या सिरिल रामाफोसा यांनी 2012 मध्ये एका आफ्रिकी रानम्हशीसाठी 1.95 कोटी रँडची बोली लावली आणि नंतर त्याबद्दल माफी मागितली. 2016 मध्ये होरायझन नावाच्या रानरेड्याची एक चतुर्थांश मालकी 4.4 कोटी रँडला विकली गेली. त्यानंतर बाजार कोसळला. इतकी किमती जनावरे राखायची तर कोल्हा, बिबट्या, रानकुत्रा यांना रँचवर थारा मिळत नाही, आणि मग ज्याला रान म्हणायचे त्यात शिंगांशिवाय फारसे काही उरत नाही. मला ते आवार पाहवले नाही आणि मी तेथे फार वेळ थांबलो नाही.

हे वाचून कोणी अशा ठिकाणी जाणारच असेल, तर आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी त्यांनी मालकांना लेखी विचारावे की सलग, आतल्या कुंपणाविना असलेले क्षेत्र किती हेक्टर आहे, मारला जाणारा प्राणी तेथेच जन्मला आहे की आणला आहे, आणला असल्यास कधी, आणि खुराकाच्या जागेवर किंवा पाणवठ्यावर गोळी झाडली जाते का. चांगला मालक ही उत्तरे टाळणार नाही. तशा रँचही त्या देशात आहेत आणि शेजारच्या नामिबियात 1996 च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या, गावकऱ्यांनी चालवलेल्या, कुंपण नसलेल्या संरक्षित क्षेत्रांतही शिकार होते, जेथे फीचा वाटा गावाला आणि मांस घराघरांत जाते. जेथे शंभर टक्के यशाची हमी छापलेली असेल तेथे मात्र पुढे काही विचारण्याची गरज नाही.

राहण्याची सोय, सुरक्षितता आणि माणसांचे अगत्य यांसाठी मी या रँचला पाचपैकी चार तारे देतो. शिकार म्हणून जे विकले जाते त्यासाठी मी एकही देऊ शकत नाही. निघताना मी मालकांना विचारले की बंदुकीविना, केवळ त्या ट्रॅकरसोबत तीन-चार दिवस माग काढत फिरण्यासाठी पुन्हा यायचे असेल तर दर काय पडेल. त्यांनी दरपत्रक चाळले, माझ्याकडे पाहिले आणि तशी सोय आजवर कोणी मागितलीच नसल्याचे सांगितले. ट्रॅकर शेजारीच माझी बॅग गाडीत ठेवत होते. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "पाऊस पडून गेल्यावर या. तेव्हा ठसे चांगले उमटतात."